वरून झाकलं अन् बाजूनं कोंडलं: पावसाळी कोथिंबिरीच्या मांडवाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर पट्ट्यातल्या एका जोडप्याच्या शेतातली ही गोष्ट आहे. नावं टाकत नाही, मी त्यांना काका-काकू म्हणतो तेच इथं पण म्हणतो. अडीच एकर रान, काळी भारी जमीन, इसापूरच्या कालव्याचं पाणी अन् एक विहीर, त्यामुळं आमच्या भागात असतं तसं केळी अन् हळद हेच मुख्य. मी त्यांच्याच गावचा, अॅग्री करून गावातल्या शेतकरी गटाचं काम बघतो, त्यामुळं या प्रकरणात मी नुसता बघणारा नव्हतो, काही निर्णय माझ्या सल्ल्यानं झाले अन् त्यातले दोन चुकले, ते पण खाली सांगतो.

केळीचे पैसे वर्षातून एकदा येणार, हळदीचे पण एकदाच, मधल्या काळात हातात रोकड नसते. म्हणून काकूंच्या डोक्यात होतं की चाळीस दिवसात पैसा देणारं काहीतरी पाहिजे, अन् ते म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात इकडं कोथिंबीर कोणाच्या पण रानात येते, तेव्हा भाव नसतो, जुडी दोन-तीन रुपयाला पण कोणी विचारत नाही. भाव असतो तो दोन वेळा. एक एप्रिल-मे मधी लग्नसराईत, अन् दुसरा श्रावणापासून महालक्ष्म्यांपर्यंत, म्हणजे ज्यांना बाकीकडं गौरी म्हणतात त्या. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घराघरात भाज्या, चटण्या, वड्या, सगळ्याला कोथिंबीर लागते अन् नेमकी तेव्हाच उघड्या रानातली पावसानं सडलेली असते.

कोथिंबिरीला खरी मानवते ती 20 ते 25 डिग्रीची हवा. मे मधी आमच्याकडं 42-43 पर्यंत पारा जातो, तेव्हा उगवण कमी होते, अन् मोठा दिवस अन् उष्णता दोन्ही मिळाले की पानं भरायच्या आधीच फुलाचा दांडा येतो. जुलै-ऑगस्टमधी तापमान बरं असतं, पण हवा पूर्ण दमट, ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत. नांदेडला वर्षाचा पाऊस साधारण 900 मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानानं काहीच नाही, पण तो पडतो तेव्हा दोन-तीन दिवसात धो धो पडतो अन् काळ्या रानात पाणी आठवडाभर बसतं. म्हणजे एकाच पिकाला दोन हंगामात दोन वेगळे त्रास. आम्ही दोन्हीसाठी एकच आच्छादन वापरलं, सगळं तिथून बिघडलं.

उन्हाळ्याचं यश

2024 च्या एप्रिलमधी काकांनी केळीच्या दोन बागांच्या मधल्या तीन गुंठे तुकड्यावर बांबू रोवून 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट टाकली. जागा मुद्दाम तिथं निवडली कारण तीन बाजूनं केळी, उन्हाळ्यात तिथं गारवा राहतो, गरम वारं लागत नाही. 18 एप्रिलला धने टाकले, मे संपता संपता जुड्या निघाल्या, थोडा दांडा आला पण माल गेला अन् भाव पण बरा मिळाला. गावात लोक बघायला यायले. काका मला म्हणले, "बगा, आता पावसाळ्यात पण हेच करायचं, वरून फक्त मेनकापड टाकायचं." मला पण ते पटलं. खरं तर तिथंच थांबून एक प्रश्न विचारायला पाहिजे होता, की मे मधी जी जागा चांगली होती ती जुलैमधी पण चांगली राहील का. मी विचारला नाही.

अडचण

जूनमधी शेडनेट तशीच ठेवून तिच्यावर मेनकापड अंथरलं, जवळपास सपाटच, सुतळीनं ताणून बांधलं. शेळ्या आत घुसू नये म्हणून चारी बाजूला जुनी नेट जमिनीपर्यंत सोडली. धने उन्हाळ्यातल्याच पोत्यातले, किराण्यातून आणलेले. 24 जूनला फोकून म्हणजे हातानं उधळून पेरले, गुंठ्याला जवळपास दीड किलो, दाट झालं तर जुड्या जास्त निघतील या हिशोबानं. पाणी रेनपाईपनं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पाईपनं पावसासारखं वरून, अन् ते रात्री, कारण त्या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्रीची होती.

उगवण झकास झाली, नवव्या दिवशी सगळं हिरवं. चौदाव्या दिवशी काकूंचा फोन आला, "बाबा, जागोजागी कोथमीर झोपायली." जाऊन बघितलं तर ताटाएवढे गोल पॅच, रोपं जमिनीलगत बारीक होऊन, पाणचट तपकिरी होऊन आडवी पडलेली. रोपं कोलमडण्याचा रोग, जमिनीतल्या बुरशीमुळं होतो, ओल अन् दाटी मिळाली की एका रात्रीत वाढतो. जी रोपं उभी होती ती पण उंच, लुसलुशीत, फिकी, वरती ढग त्याखाली मेनकापड त्याखाली 50 टक्के नेट, उजेडच पोचत नव्हता तर दुसरं काय होणार. त्यात काकांनी रंग यावा म्हणून युरिया दिला. कमी उजेडात पालेभाजीला नत्र जास्त दिलं की ते पानात नायट्रेट म्हणून साठतं, पीक अजून कोवळं होतं अन् रोगाला पटकन बळी पडतं.

18 जुलैच्या सुमारास दुसरा त्रास, पानावर शिरांच्या मधी पाणी भरल्यासारखे छोटे कोनदार डाग, दोन दिवसात काळपट. हा जिवाणूजन्य पानावरचा ठिपका. हा बियाण्यातून येतो अन् पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांवर बसून एका पानावरून दुसऱ्यावर जातो. तेच पोतं एप्रिलमधी वापरलं होतं, तेव्हा कोरड्या हवेत काही दिसलं नव्हतं.

आमच्या मनात एकच गोष्ट फिरायली होती की पाऊस तर आत येतच नाही, मग थेंब उडतात कुठून. एका सकाळी सहाला मी आत जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं. मेनकापडाच्या खालच्या बाजूला थेंबांची रांग, अन् ते टप टप खाली पडायलेले. जमिनीतली अन् पिकातली वाफ रात्री वर जाते, थंड मेनकापडाला लागून पाणी होते, छत सपाट असलं की ते घरंगळून कडेला जात नाही, जिथं आहे तिथूनच पडतं. बाहेरचा पाऊस अडवला अन् आत आमचा वेगळा पाऊस सुरू केला. चारशे-साडेचारशेचं तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आणून टांगलं, सकाळी सहाला 98 टक्के, अकराला बाहेर 72 अन् आत 89. पानं अकरा वाजेपर्यंत वाळतच नव्हती. संध्याकाळी ओली झालेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी दुपारीच कोरडी व्हायची, म्हणजे सोळा-सतरा तास पान ओलं. तीन बाजूनं केळी, चारी बाजूनं नेट, वारं शिरायला जागाच नाही.

मला या प्रकरणातून जर काही ठासून सांगायचं असेल तर हेच. दमट दिवसात कोथिंबिरीला पाऊस मारतो त्यापेक्षा जास्त पान किती तास ओलं राहतं ते मारतं.

फवारायचं की उपटायचं

हा सगळ्यात अवघड निर्णय होता म्हणून वेगळा लिहितो. पीक 26 दिवसांचं, अजून दहा-बारा दिवस थांबलं तर निम्मं तरी विकता आलं असतं. दुकानातून तीन औषधं एकत्र करून फवारायचा सल्ला मिळाला होता अन् काकांनी एकदा कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मारलं पण होतं, फरक फारसा पडला नाही कारण ओल तशीच होती. आता परत फवारलं तर फवारणी अन् काढणी यात किती दिवस ठेवायचे हा प्रश्न. कोथिंबीर ही शिजवायची भाजी नाही, लोक कच्ची वरून टाकतात, चटणी करतात, पोहे-उपम्यावर लेकरं खातात. केळीला फवारलेलं साल सोलून फेकून देता येतं, इथं पानच खायचं असतं.

काकू म्हणल्या, "आमच्या घरी नातू कच्चीच खातो. जे त्याला देणार नाही ते मोंढ्यात कशाला न्यायचं." काका दोन दिवस गप्प होते. पैसे अडकले होते, ते कोणाला पण जड जातं. 20 जुलैला सगळं उपटलं, रानाबाहेर नेऊन गाडलं. मला आज पण वाटतं की तो निर्णय बरोबर होता, अन् त्याचं श्रेय काकूंचं आहे. हां, पहिल्या पॅचला, चौदाव्या दिवशीच, बाजूची नेट काढून टाकली असती तर कदाचित उपटायची वेळ आली नसती.

काय काय पर्याय होते

पहिला, पावसाळी कोथिंबिरीचा नादच सोडून द्यायचा. काकांचा कल तिकडंच होता.

दुसरा, मेनकापड काढून नुसती शेडनेट ठेवायची. नेटनं मोठे थेंब फुटून बारीक होतात, पानं फाटत नाहीत हे खरं, पण पाणी तर सगळं आत येतं, वाफे भिजतात अन् नेटखाली वारं अजून कमी. ढगाळ दिवसात 50 टक्के सावली कोथिंबिरीला चालतच नाही. हे आम्ही दहा मिनिटात बाजूला ठेवलं.

तिसरा, अनुदानातून पक्कं शेडनेटहाऊस. तेव्हा महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज, सोडत, पूर्वसंमती, मग बांधकाम, मग मोजणी अन् त्यानंतर अनुदान असा क्रम होता. आमच्या भागात पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पामधून शेडनेट झालेले शेतकरी आहेत अन् त्यांचं चांगलं चाललंय, पण ते ढोबळी मिरची, काकडी नाहीतर रोपवाटिका करतात. कोथिंबिरीसारख्या स्वस्त पिकावर लोखंडी सांगाड्याचा खर्च बसवायचा तर दुसरं पीक पण हातात पाहिजे, अन् हातात वेळ तर एका महिन्याचा. पॉलिहाऊसचा विषय पण निघाला होता, पण आमच्याकडच्या उकाड्यात बंद पॉलिहाऊसमधी कोथिंबीर म्हणजे जी चूक केली तीच जास्त पैसे घालून करायची.

चौथा, प्रत्येक वाफ्यावर गुडघाभर उंचीचे बोगदे, तारेची कमान अन् वर पातळ प्लॅस्टिक. सगळ्यात स्वस्त. पण उघड-झाक कोण करणार, पाऊस रात्री दोनला येतो, ऊन सकाळी सातला पडतं, ऊन पडून अर्धा तास जरी बंद राहिलं तर आत भट्टी. घरी दोनच माणसं. काकू म्हणल्या आम्हाला हे जमायचं नाही, अन् त्या बरोबर होत्या. ज्यांच्या घरी माणसं आहेत अन् दोनच वाफे आहेत त्यांच्यासाठी मात्र हा पर्याय वाईट नाही.

पाचवा, बांबूचाच मांडव पण उंच, उतरत्या पाखाचा, चारी बाजूनं उघडा, अन् दुसऱ्या जागेवर. हा ठरला.

जागेवरून वाद झाला. काकांचं म्हणणं मांडव विहिरीजवळ, पाईप कमी लागतो. माझं म्हणणं रस्त्याकडच्या पट्टीत, कारण तिथं पश्चिमेकडून वारं मोकळं येतं, पावसाळ्यात आमच्याकडं वारं बहुतेक तिकडूनच. शेवटी आम्ही दोन्ही जागी काठीला कापडाची पट्टी बांधून एक दिवस बघितलं. विहिरीजवळची पट्टी लोंबतच राहिली, रस्त्याकडची दिवसभर फडफडली. काका म्हणले, "चला, पाईप आणू." यंत्रापेक्षा ही कापडाची पट्टी आम्हाला जास्त कामाची ठरली, अन् ती मेच्या आधीच बांधायला पाहिजे होती.

काय केलं

गावातल्या बुरडाला बोलावून 12 फूट रुंद अन् 90 फूट लांब असे तीन मांडव केले, एक मांडव म्हणजे साधारण एक गुंठा. लांबी उत्तर-दक्षिण ठेवली म्हणजे पश्चिमेचं वारं बारा फुटाच्या रुंदीतून आरपार निघतं. मधी उंची 9 फूट, कडेला 6 फूट. पश्चिमेची पाख पूर्वेच्या पाखेपेक्षा फूटभर वर अन् पुढं काढली, म्हणजे आढ्यावर लांबच्या लांब एक फट राहिली जी पूर्वेला तोंड करून आहे, पश्चिमेचा पाऊस तिच्यात शिरत नाही अन् गरम दमट हवा मात्र वरून निघून जाते. हे बुरडाच्या डोक्यातून आलं, तो म्हणला जुन्या घरात धूर जायला असंच ठेवायचे. वर 200 मायक्रॉनचं यूव्हीवालं मेनकापड. साधं प्लॅस्टिक निम्म्या भावात मिळत होतं पण ते एका उन्हाळ्यात चिरफाळतं.

हिरवी नेट पूर्ण काढून गुंडाळून ठेवली, ती फक्त एप्रिल-मे साठी. शेळ्यांसाठी नेटऐवजी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यातून वारं जातं.

वाफे गादीचे, 3 फूट रुंद अन् 9-10 इंच उंच, आधी चारच इंच होते. शेणखत भरपूर टाकलं. दोन मांडवांच्या मधी फूटभर खोल चर काढून ओढ्याला जोडला, कारण पाखांवरून पडणारं पाणी थोडं नसतं, 1 गुंठा छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी खाली येतं अन् ते वाफ्याच्या कडेलाच पडतं. पहिल्या वेळेस याचा विचारच केला नव्हता.

रेनपाईप काढून ठिबकच्या नळ्या टाकल्या, एका वाफ्याला दोन. लाईट रात्रीची असली तरी पाणी सकाळीच द्यायचं, त्यासाठी हजार लिटरची टाकी उंच ओट्यावर ठेवली, रात्री मोटरनं भरायची अन् सकाळी सातला कॉक उघडायचा. टाकी घरीच पडून होती. या एका गोष्टीनं पान रात्री ओलं राहणं बरंच थांबलं.

बियाणं पण बदललं. किराण्यातले धने बंद, कोकण कस्तुरीचं लेबलवालं बियाणं आणलं. धने रगडून दोन फाका केल्या (अख्खा धना म्हणजे दोन बिया असतात, रगडल्याशिवाय पेरले तर उगवण मागंपुढं होते), बारा तास भिजवलं, सावलीत सुकवलं अन् ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळून पेरलं. वाफ्यावर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण ओतलं, ते हळदीच्या कंदकुजीसाठी आमच्याकडं घरोघरी असतंच. फोकायचं बंद केलं, सहा इंचावर ओळी, अन् गुंठ्याला दीड किलोऐवजी 700 ग्रॅम. कोथिंबिरीची शिफारस हेक्टरी 60 ते 80 किलोची आहे, म्हणजे गुंठ्याला 600 ते 800 ग्रॅमच, आम्ही दुप्पट टाकत होतो. काकांना हे सगळ्यात जड गेलं, "रान उघडं दिसायलंय" असं रोज म्हणायचे. पण ओळीतून वारं फिरतं अन् खुरपता पण येतं, दाट पेरलेल्यात खुरपं कुठं घालणार.

निकाल

तिसऱ्या मांडवाला बांबू कमी पडले. मी म्हणलं असू द्या, मधली उंची साडेसात फूट धरू. ही माझी पहिली चूक. बारा फूट रुंदीला नऊ-सहाचा उतार होता तो इथं निम्मा झाला.

3 ऑगस्टला पेरणी झाली. सकाळी यंत्रावर आकडा 95-96 दिसायचाच, त्यात फार फरक नाही कारण बाहेरच तेवढी ओल, पण नऊ वाजता पानं कोरडी असायची. रोपं कोलमडण्याचे दोन-तीन छोटे पॅच दिसले, तिथली रोपं मातीसकट काढून टाकली अन् दोन दिवस पाणी तोडलं, पुढं वाढले नाहीत. ठिपका अगदी कडेच्या ओळीत, जिथं पावसाचा शिडकावा येतो तिथं, आत नाही.

मग 1 अन् 2 सप्टेंबरचा पाऊस. नांदेड, परभणी, हिंगोलीत त्या दोन दिवसात काय झालं ते इथल्या कोणाला वेगळं सांगायला नको. ओढा भरून चराचं पाणी उलटं फिरलं. कमी उताराच्या तिसऱ्या मांडवावर पाणी साचून मेनकापडाला पोट आलं, अन् पहाटे चारला बांबूसकट खाली बसलं. काकू छत्री घेऊन खालून काठीनं पाणी ढकलायच्या तयारीत होत्या, बरं झालं काकांनी जाऊ दिलं नाही, तीन-चारशे लिटर पाणी डोक्यावर आलं असतं. बाकीचे दोन मांडव राहिले. वाफे उंच होते म्हणून मुळं वाचली, चार इंचाचे असते तर तेच खरवडून गेले असते.

9 अन् 10 सप्टेंबरला, महालक्ष्म्या बसायच्या तोंडावर, दोन मांडवातून 850 जुड्या निघाल्या. पहाटे उपटून, मुळं धुऊन, पानं न भिजवता, ओल्या बारदान्यात गुंडाळून मोंढ्यात. सरासरी 17 रुपये जुडी, म्हणजे साडेचौदा हजार. एका मांडवाला साधारण अकरा हजार खर्च झाला होता, तिघांचे तेहतीस. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च निघाला नाही, हे मुद्दाम सांगतो कारण लोक फोटो बघून फक्त जुडीचा भाव विचारतात.

2025 ला तिसरा मांडव नऊ फुटाचा करून परत उभा केला. पेरण्या एकदम न करता पुढंमागं केल्या, जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत एकूण 2300 च्या आसपास जुड्या. सरासरी 11 रुपये. भाव 24 पर्यंत पण गेला अन् आवक वाढली त्या आठवड्यात 4 पण मिळाला. महालक्ष्म्या त्या वर्षी 31 ऑगस्टला आल्या, त्यासाठी 22 जुलैची पेरणी धरली होती अन् ती बरोबर लागली. ऑगस्टच्या मधात परत मोठा पाऊस झाला, मांडव तिन्ही उभे राहिले. दोन्ही वर्षांचं मिळून बियाणं, खत, मजुरी, गाडीभाडं नऊ हजार वजा केलं तर मांडवाचा खर्च जवळपास निघतोय, तिसऱ्या वर्षी जे येईल ते त्यांचं.

मधल्या काळातली एक गोष्ट

ही माझी दुसरी चूक. 2024 च्या सप्टेंबरमधी कोथिंबीर निघाल्यावर काकांनी विचारलं आता त्या वाफ्यात काय टाकू, मी घाईत म्हणलं शेपू टाका, लवकर निघतो. शेपू अन् कोथिंबीर एकाच कुळातले, बडीशेप, ओवा, जिरं, गाजर सगळे तेच. याला फेरपालट म्हणता येत नाही. शेपूनंतर नोव्हेंबरमधी परत कोथिंबीर पेरली अन् जानेवारीत मावा (रस शोषणारी बारीक कीड) असा आला की शेंडे चिकट झाले. कोथिंबिरीवरचा मावा शेपूवर पण जगतो, आम्ही त्याला पुढच्या पिकापर्यंत जागेवर ठेवून घेतलं होतं. आता कोथिंबिरीनंतर मेथी नाहीतर पालक, अन् मे मधी एक मांडव रिकामा ठेवून वाफे भिजवून पातळ पारदर्शक प्लॅस्टिकनं पाच आठवडे झाकतात, उन्हानं माती तापून वरच्या थरातली बुरशी बरीच मरते. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही असं मला वाटतं. त्यासाठी लग्नसराईचं एका मांडवाचं पीक सोडावं लागतं, काका अजून कुरकुरतात.

परत करायचं असेल तर

पहिली गोष्ट, तीन मांडव एकदम करायचे नाहीत. एकच करायचा अन् एक पूर्ण पावसाळा काढायचा. काकांकडं केळीचे पैसे आले होते म्हणून तिन्ही झाले, नसते आले तर कर्ज काढलं असतं अन् तिसरा मांडव पडला त्या पहाटे ते कर्ज पण डोक्यावर असतं.

चर ओढ्याला जोडला तिथं ओढ्याची पुराची रेघ बघितली नव्हती. म्हाताऱ्या माणसांना विचारलं असतं तर पाच मिनिटात कळलं असतं की 2 सप्टेंबरसारखं पाणी तिथं कुठवर चढतं. आता चराचं तोंड वरच्या अंगाला वळवलंय.

हिवाळ्यात मांडवात कोथिंबीर घ्यायची गरज नाही, उघड्यावर छान येते अन् भाव पण नसतो. तेव्हा मांडवात मिरचीची, वांग्याची रोपं करावी, गावात रोपांना गिऱ्हाईक आहे. हे अजून केलेलं नाही, काकूंची तयारी आहे.

अन् बांबू. दोन पावसाळ्यात जमिनीतला भाग वाळवीनं अन् ओलीनं खाल्ला, या जानेवारीत हलवून बघितलं तर बावीस बांबू बुडातून हलायले. रोवायच्या आधी दोन फूट बुडाला डांबर लावलं असतं तर अजून वर्ष-दोन वर्ष गेली असती. आता जूनच्या आत ते बावीस बदलायचेत, बुरडाला मे मधल्या तारखा दिल्यात अन् डांबराचा डबा काकांनी आणून ओट्यावर टाकीशेजारी ठेवलाय.